बहिणाबाईंची गाणी : दंतकथा आणि खरी गोष्ट
(रावेर येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



रावेरात येऊन केळीवर भाषण करू नये, असं म्हणतात. बहिणाबाईंवरही करू नये. इथल्या प्रत्येक घरात एखादी आजी असते, आणि तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत असतं. तरीही हा विषय घेतला. का, ते हळूहळू लक्षात येईल.

शेतकऱ्यांची, कष्टकऱ्यांची गाणी जगात सगळीकडे आहेत, आणि जिथे अशी गाणी आहेत तिथे गाण्याभोवती दंतकथाही आहेत. अमेरिकेत गावाकडच्या संगीताला 'कंट्री म्युझिक' म्हणतात. त्यातला जॉनी कॅश हा मोठा गायक. १९५५ साली त्याचं कैद्याच्या तोंडी असलेलं एक गाणं आलं आणि गाजलं. पुढे १९६८ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियातल्या फोल्सम तुरुंगात, कैद्यांसमोर, त्याने कार्यक्रम केला आणि त्याची ध्वनिमुद्रिका निघाली. तेव्हापासून आजतागायत लाखो लोकांची समजूत अशी की हा माणूस स्वतः शिक्षा भोगून आलेला. प्रत्यक्षात त्याने तुरुंगवासाची शिक्षा कधी भोगली नाही. एखाददुसरी रात्र पोलीस कोठडीत गेली असेल, तेवढीच. पण ऐकणाऱ्याला वाटतं, गाणं इतकं खरं आहे तर गाणाऱ्याचं आयुष्यही तसंच असलं पाहिजे.

म्हणजे दंतकथा ही नुसती थाप नसते. ऐकणाऱ्याला काय हवं आहे, ते ती सांगते. म्हणून एखादी दंतकथा खोडून काढण्यापेक्षा तिला विचारावं, की बाई, तुझी गरज कोणाला पडली? बहिणाबाईंच्या बाबतीत मी आज तेच करणार आहे.

आधी जे पक्कं ठाऊक आहे ते सांगतो. बहिणाबाई असोद्याच्या. माहेर महाजनांचं. वडील उखाजी, आई भिमाई. तेराव्या वर्षी लग्न झालं, जळगावच्या नथूजी खंडेराव चौधरींशी. तिशीच्या सुमाराला वैधव्य आलं. पदरात ओंकार, सोपानदेव आणि काशी ही मुलं. शेती, घर, वाटण्या, सगळं त्यांनी पाहिलं आणि निभावलं. ३ डिसेंबर १९५१ रोजी जळगावात त्या गेल्या. १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईंची गाणी' हे पुस्तक आलं. १९६१ मध्ये अनंत माने यांनी 'मानिनी' चित्रपट काढला, त्यात त्यांची गाणी घेतली आणि ती घराघरात पोहोचली. २०१८ मध्ये जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव मिळालं. ज्या बाईने शाळेची पायरी चढली नाही तिच्या नावाची पदवी आज तुमच्या मुलांच्या हातात आहे.

आता दंतकथा. सोप्यापासून सुरुवात करू.

पहिली, नावाची. महाराष्ट्रात बहिणाबाई दोन. एक सतराव्या शतकातल्या संत बहिणाबाई, तुकोबांच्या शिष्या, त्यांची समाधी शिऊरला. दुसऱ्या आपल्या. दोघींत अडीचशे वर्षांचं अंतर. तरी एकीचा अभंग दुसरीच्या नावावर आणि दुसरीचं छायाचित्र पहिलीच्या लेखात, हा प्रकार मोबाइलवर रोज चालतो. हा साधा घोटाळा आहे. तो सोडून देऊ.

दुसरी, जन्मतारखेची. सगळीकडे छापलेलं असतं की बहिणाबाईंचा जन्म नागपंचमीला, २४ ऑगस्ट १८८० रोजी झाला. आता जरा बोटांवर मोजा. १८८० साली २२ जूनला पौर्णिमा होती, त्या दिवशी चंद्रग्रहणही झालं. तिथून एकेक महिना पुढे या. पुढची पौर्णिमा २१-२२ जुलैची, त्यापुढची २० ऑगस्टच्या सुमाराची, म्हणजे राखीपौर्णिमा. आपली नागपंचमी श्रावण शुद्ध पंचमीला, ती त्या वर्षी १० ऑगस्टच्या आसपास पडते. २४ ऑगस्टला तर वद्य पक्ष चालू होता, चतुर्थी-पंचमीच्या आसपास. म्हणजे एकाच वाक्यात छापलेल्या दोन गोष्टी एकमेकींशी जुळत नाहीत!

गंमत पुढेच आहे. गुजरातेत नागपंचमी श्रावण वद्य पंचमीला असते, आणि लेवा समाज गुजरातेतून आला ही समाजाची जुनी परंपरा. यावरून मी काही सिद्ध करत नाही. मला एवढंच दाखवायचं आहे की आपल्या आज्यांचं कॅलेंडर सणांचं होतं. 'तू पोळ्याच्या आदल्या दिवशीचा', 'ती आखाजीची', अशी आमच्या पिढीची जन्मनोंद. आईच्या आठवणीत सण राहतो आणि कागदावर तारीख येते. दोन्ही एकाच ओळीत लिहिले की ती ओळ पक्की वाटायला लागते, आणि मोजून बघायचं कोणी मनावर घेत नाही.

तिसरी दंतकथा भाषेची. ही मात्र तुमच्या जिव्हाळ्याची आहे. पुण्या-मुंबईत कुठेही विचारा, बहिणाबाईंची भाषा कोणती? उत्तर येतं, अहिराणी. सूत्रसंचालक सांगतात, वर्तमानपत्रांत छापून येतं. तुम्ही मात्र जाणता की ती रावेर, यावल, भुसावळ, जळगाव या पट्ट्यातली लेवा बोली आहे. अहिराणी गोड आहे, समृद्ध आहे, पण ती धुळे, अमळनेर, पारोळा, चाळीसगावकडची. ओळखायची खूण अगदी सोपी. अहिराणीत 'मना भाऊ', 'मनी माय'. बहिणाबाई 'माझा', 'माझी' म्हणतात. आणि 'ळ'चा 'य' होणं तर कानाला लगेच कळतं. डोळ्याला डोया, केळीला केयी, जळगावाला जयगाव. त्यांच्या गाण्यांत हा 'य' पानोपानी आहे.

ग्रिअर्सनने भारतातल्या भाषांची पाहणी केली, तेव्हा खानदेशी, म्हणजे अहिराणी, मराठीच्या खंडात न घालता भिल्ली भाषांसोबत वेगळ्या खंडात घातली. तो खंड १९०७ चा. त्या वर्गीकरणावर वाद होऊ शकतो. पण खानदेशात एकापेक्षा जास्त बोली आहेत, हे शंभर वर्षांपूर्वीच्या परदेशी माणसालाही दिसत होतं. आपल्याच राज्यातल्या लोकांना दिसत नाही, कारण दुरून बघणाऱ्याला सगळी गावं सारखीच वाटतात. 'खानदेशातली ना, मग अहिराणीच.' संपलं.

आणि यात जरा बोचणारी गोष्ट अशी. हीच भाषा पुस्तकात आली की तिला आपण 'मातीचा सुगंध' म्हणतो. तीच भाषा वर्गात एखाद्या पोराच्या तोंडून आली, तो 'डोया' म्हणाला, की आपण म्हणतो, 'अरे, शुद्ध बोल.' सकाळच्या तासाला बहिणाबाईंची कविता शिकवायची आणि दुपारच्या तासाला त्याच उच्चारासाठी मुलाला हसायचं. मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. आमच्यात याला विसंगती म्हणतात. घरात याला काय म्हणतात ते तुम्ही ठरवा.

चौथी गोष्ट चालीची. 'मानिनी'तल्या चाली आपल्या इतक्या ओठांवर बसल्या आहेत की बहिणाबाई त्याच चालीत गात असतील असं वाटतं. त्या चाली संगीतकार वसंत पवार यांच्या. फार सुंदर आहेत, वाद नाही. पण बहिणाबाईंच्या गाण्यामागे पेटी नव्हती, तबला नव्हता. जातं होतं. पहाटेचा अंधार, हातात खुंटा, दुसऱ्या हाताने वैरण घालायची आणि दगडाच्या फेऱ्याबरोबर ओळ पुढे न्यायची. ऐकणारं कोणी नाही. असलंच तर समोर बसलेली जाऊ, नाहीतर झोपेतलं लेकरू.

आता मोठ्या दंतकथेकडे येतो. ती अशी : एक अडाणी बाई, अक्षरओळख नाही, आणि अचानक तिच्या मुखातून सरस्वती बोलू लागली. चमत्कार झाला. मग ती गेल्यावर मुलाला वही सापडली, अत्र्यांनी ती पाहिली आणि महाराष्ट्राला हिरा मिळाला.

यातलं खरं किती? अक्षरओळख नव्हती, हे खरं. अत्र्यांनी गाणी ऐकल्यावर ती छापायचा आग्रह धरला आणि आपल्या प्रस्तावनेने त्यांना मोठा वाचकवर्ग मिळवून दिला, हेही खरं. पण 'अचानक' हा शब्द खरा नाही. बहिणाबाई गात असताना, त्यांच्या हयातीतच, सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरी ती गाणी उतरवून घेत होते. म्हणजे वही आकाशातून पडली नाही. घरातल्याच दोन तरुणांना कळलं होतं की आईच्या, मावशीच्या तोंडून जे येतंय ते जपायला हवं. अत्र्यांच्या आधी बहिणाबाईंचे पहिले वाचक ते दोघे. त्यातल्या पितांबर चौधरींचं नाव आज किती जणांना आठवतं?

आणि शिक्षण? शाळा नव्हती म्हणून शिक्षण नव्हतं, असं कसं म्हणता येईल? गावात कीर्तन होतं, भजन होतं, हरिनाम सप्ताह होता, पोथी वाचली जायची. घरी ओव्या होत्या, लग्नातली गाणी होती, आखाजीच्या झोक्यावरची गाणी होती. एक आठवण सांगतात : लहानग्या सोपानदेवांनी शाळेत शिकवलेली सावित्री-सत्यवानाची गोष्ट घरी मोठ्याने वाचली आणि आईने ती ऐकून तिचं गाणं करून टाकलं. या आठवणीत लोकांना चमत्कार दिसतो. मला तयारी दिसते. ऐकलेलं लगेच गाण्यात बसवता येतं, ते ज्याच्याजवळ साचा तयार आहे त्यालाच.

तो साचा मोजून पाहता येतो. घरी गेल्यावर पुस्तक उघडा आणि अक्षरं मोजा. बहुतेक गाण्यांत ओळीला आठ अक्षरं, चार ओळींचं कडवं, दुसऱ्या आणि चौथ्या ओळीचं यमक. ओळीमागून ओळ, आठच. लिहिता न येणाऱ्या बाईला अक्षर मोजता येत होतं, कारण ते कान मोजत होते आणि जात्याचा फेरा मोजत होता.

याला जगातून एक मोठा पुरावा आहे. मिलमन पॅरी नावाचे अमेरिकन विद्वान १९३० च्या दशकात युगोस्लाव्हियात गेले. होमरची महाकाव्यं लिहिण्याशिवाय कशी रचली गेली असतील, या प्रश्नाचं उत्तर त्यांना जिवंत गायकांकडून हवं होतं. तिथे त्यांना अव्दो मेजेदोविच भेटला. पेशाने खाटीक, निरक्षर. १९३५ मध्ये त्याने बारा हजारांहून जास्त ओळींचं एक काव्य सांगितलं आणि ते उतरवून घेतलं गेलं. पॅरींनी त्याला चमत्कार म्हटलं नाही. त्यांनी दाखवलं की ही एक विद्या आहे. तिला गुरू असतात, सराव असतो, ठरलेले शब्दबंध असतात, आणि त्यात एखादा इतरांच्या फार पुढे जातो. आपल्याकडे ती विद्या जात्यावर होती, एवढाच फरक.

आता पाचवी गोष्ट. ही छापून फारशी येत नाही, पण चहा पिताना कोणीतरी हळूच म्हणतं : 'अहो, मुलगा कवी होता ना? मग त्यानेच लिहिली असतील.'

याचं उत्तर रागाने देऊ नये. विचाराने द्यावं. सोपानदेव कवी होते, आणि त्यांच्या स्वतःच्या कविता छापलेल्या आहेत. शेजारी ठेवून वाचा. त्या प्रमाण मराठीत आहेत आणि त्यांच्या काळातल्या कवितेच्या वळणाच्या आहेत. आईच्या गाण्याची घडण वेगळी, बोली वेगळी, डोळा वेगळा. पेरणी, मोट, उफणणी, चूल, घरोट, या कामांची हाताला झालेली ओळख त्या ओळींत आहे. ते बघून येत नाही, करून येतं. दुसरं असं की सोपानदेव १९८२ पर्यंत हयात होते. पुस्तकाला एवढी कीर्ती मिळाली, आणि तीस वर्षं ते आईचा मुलगा म्हणूनच मिरवले. कीर्ती चोरणारे खूप पाहिले. स्वतःची कीर्ती दुसऱ्याच्या नावावर आयुष्यभर ठेवणारा कवी मी तरी पाहिलेला नाही.

अर्थात लिहून घेणाऱ्याचा हात कुठेच दिसत नाही, असं म्हणणंही भाबडेपणाचं. ऱ्हस्व-दीर्घ, विरामचिन्हं, ओळ कुठे तोडायची, हे सगळं कागदावर आणणाऱ्यानेच ठरवलेलं असतं. अमेरिकेतलं उदाहरण देतो. व्हर्जिनियाच्या डोंगराळ भागात ए. पी. कार्टर नावाचा माणूस गावोगाव फिरून जुनी गाणी गोळा करायचा. त्याच्याबरोबर लेस्ली रिडल नावाचा कृष्णवर्णीय गिटारवादक असे. कार्टर शब्द टिपायचा, चाल रिडल लक्षात ठेवायचा. १९२७ मध्ये ब्रिस्टल गावी कार्टर कुटुंबाचं पहिलं ध्वनिमुद्रण झालं आणि त्यानंतर कितीतरी जुन्या गाण्यांचे हक्क कार्टरच्या नावावर नोंदले गेले. ज्या म्हाताऱ्यांनी ती गाणी दिली त्यांची नावं गेली, रिडलचं नाव कित्येक वर्षं मागे राहिलं. तिथे गोळा करणारा कर्ता झाला. जळगावात उलट झालं. लिहून घेणाऱ्याने कर्तीचं नाव वर ठेवलं. सोपानदेवांचं मोठेपण मला यात दिसतं.

आता या दोन गोष्टी शेजारी ठेवा. 'सरस्वतीने चमत्कार केला' आणि 'मुलाने लिहिलं'. पहिलं भक्तीने म्हटलं जातं, दुसरं संशयाने. दोन्ही म्हणणारे एकमेकांशी भांडतील. पण दोघांच्या मनात एकच गृहीत आहे : शाळा न शिकलेली, शेतात राबणारी बाई स्वतः विचार करू शकत नाही. म्हणून तिच्या मागे कोणीतरी हवं. एकाने देवी उभी केली, दुसऱ्याने मुलगा. तर्कशास्त्रात निष्कर्षापेक्षा गृहीतावर नजर ठेवायला शिकवतात, ती याचसाठी.

कोणी म्हणेल, बहिणाबाई स्वतःच सरस्वतीचं नाव घेतात की! घेतात. ज्ञानेश्वरही गुरूचं नाव घेतात, म्हणून ज्ञानेश्वरी त्यांची नाही असं आपण म्हणत नाही. नम्रता बोलणाऱ्याची असते. तिचा पुरावा करायचा नसतो. छापखान्यावरचं त्यांचं गाणं वाचा. कोरा कागद छापला की शहाणा होतो, माणूस मात्र वेडा तो वेडाच राहतो, असा त्याचा आशय. ज्यांना अक्षर वाचता येत नव्हतं त्या बाई, वाचणाऱ्यांच्या जगाकडे बघून मिश्कीलपणे हा प्रश्न विचारतात. हे देवीचं बोलणं नाही, मुलाचंही नाही. ही विचार करणारी बाई आहे.

मग बहिणाबाई सांगतात ते सगळं खरंच का? नाही, आणि तेही मोकळेपणाने म्हणावं. सुगरणीच्या खोप्याचं गाणं घ्या. पिलांसाठी खोपा विणणारी पाखरीण म्हणून आपण ते ऐकतो. पक्षिशास्त्र सांगतं की खोपा विणतो तो नर. सलीम अलींनी १९३० च्या सुमाराला किहीमला या पक्ष्याचा बारकाईने अभ्यास केला. नर खोपा अर्धा विणतो, मादी येऊन तपासते, पसंत पडला तर राहते, आणि मग तो दुसरा खोपा विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी! पण चूक बहिणाबाईंची नाही. 'सुगरण' हे नावच आपल्या भाषेने त्या पक्ष्याला दिलं. घर राखणं हे बाईचं काम, हे गृहीत भाषेतच होतं. बहिणाबाईंनी खोपा मात्र डोळ्यांनी पाहिला होता. तो कसा लटकतो, नुसत्या चोचीने केवढं काम होतं, हे त्यांनी टिपलं. पाहिलेलं त्यांचं, ऐकलेलं परंपरेचं. थोर कवीच्या रचनेतही दोन्ही असतात, आणि दोन्ही वेगळी ओळखता आली तर आपलं प्रेम कमी होत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. दंतकथेची गरज कोणाला पडली? मला वाटतं, आपल्याला. बहिणाबाई चमत्कार ठरल्या की आपली जबाबदारी संपते. चमत्कार एकदाच होतो. मग शेजारच्या घरातल्या म्हातारीचं गाणं ऐकायची गरज उरत नाही. पण ती विद्या असेल तर असोद्यात एक बहिणाबाई होत्या तशा खिरोद्यात, निंभोऱ्यात, सावद्यात, चिनावलात इतर कोणी होत्या. सगळ्या एवढ्या थोर नसतील. पण त्या त्याच शाळेतल्या. त्यांना सोपानदेव मिळाले नाहीत.

असं काम करणारे लोक झाले आहेत. आपल्या अमळनेरला शिकवणाऱ्या साने गुरुजींनी बायकांच्या ओव्या गोळा केल्या, 'स्त्रीजीवन' हे त्यांचं पुस्तक. पुढे पुण्याकडे हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, गाणाऱ्या बाईच्या आणि गावाच्या नावासह. नावासह, हे महत्त्वाचं. 'लोकगीत, कवी अज्ञात' असं आपण किती सहज लिहितो! कित्येकदा कवी अज्ञात नसतो. विचारलेलं नसतं.

जाती आता कोपऱ्यात गेली, काहींची तुळशीजवळ पायरी झाली. त्याचं दुःख करू नका. पहाटे तीनला उठून दळणाऱ्या बाईला पिठाची गिरणी हे सुखच होतं. पण जातं थांबलं तेव्हा गाणं शिकायची जागाही गेली, आणि ज्यांना ती गाणी येतात त्या बायका आज ऐंशीच्या पुढे आहेत.

म्हणून एक काम सांगतो, खर्चाचं नाही. आज इथे बसलेल्या, आणि हे पुढे मोबाइलवर ऐकणाऱ्या-वाचणाऱ्या प्रत्येकाच्या हातात ध्वनिमुद्रणाचं यंत्र आहे. घरातल्या, गल्लीतल्या म्हातारीजवळ बसा. लगेच गायला सांगू नका, ती लाजेल. कामाचं विचारा. निंदायला जायचात तेव्हा काय म्हणायचात, लग्नात हळदीला काय म्हणायचात, तसं विचारा. ती म्हणेल ते जसंच्या तसं घ्या. 'डोया' म्हणाली तर 'डोया'च लिहा. तिचं पूर्ण नाव, माहेरचं गाव, हे गाणं कोणाकडून शिकली, आणि त्या दिवशीची तारीख, एवढं लिहून ठेवा. तारीख मात्र नीट लिहा, नाहीतर दीडशे वर्षांनी माझ्यासारख्या कोणाला पौर्णिमा मोजत बसावं लागेल.

माझं बोलणं झालं. आता तुमच्यापैकी कोणाला आखाजीचं एखादं गाणं येत असेल तर माईक तिकडे द्या.